परत आलेली शेपटी

९ जानेवारी
आधी माफी. या वहीतली शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची आहे आणि ती एवढीच: ‘उद्यापासून रोज लिहायचं.’ माफी नेमकी कोणाची मागतोय ते कळत नाही. वही माझी, वाचणारा मी, न लिहिणाराही मीच. तरी मागून ठेवतो. नंतर राहून जायला नको.

आज लिहायला कारण आहे. साहेबांनी, म्हणजे आमच्या विज्ञान संग्रहालयाच्या नव्या डायरेक्टरांनी, केबिनमध्ये बोलावलं. दोन मार्चला ‘आपल्यात उरलेलं’ हे प्रदर्शन उघडायचंय. आईच्या पोटात असताना माणसाच्या गर्भात फार जुन्या पूर्वजांच्या काही गोष्टी उगवतात आणि जन्माआधीच नाहीशा होतात. शेपटी, अंगभर लव, तळहातातले जादा स्नायू. त्यावर. मी विचारलं, मॉडेलं किती लागतील? साहेब म्हणाले, सगळं स्क्रीनवरच करायचं म्हणतोय. मी म्हटलं, साहेब, लोकांना गोल फिरून बघता येईल असं काहीतरी हवं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, बघू. करा हवं तर सहा-सात.

‘करा’ म्हणाले. शब्द जसाच्या तसा लिहिलाय. ‘हवं तर’ हे मी गाळणार होतो, पण गाळलं नाही.

एकवीस वर्षं मी त्या मागच्या खोलीत, आमच्या वर्कशॉपमध्ये, मॉडेलं बनवतोय. वर्कशॉप बंद होणार अशी कुजबुज स्क्रीन विभागातला पिक्सेल करत असतो. (त्याचं खरं नाव दुसरं. हे मी ठेवलंय, मनातल्या मनात.) त्याला आज परस्पर उत्तर मिळालं. बंद करायच्या खोलीला कोणी सात मॉडेलं सांगतं का?

संकल्प: साडेपाचला उठणे. रोज निदान दोन ओळी. चौथ्या आठवड्याच्या गर्भापासून दहाव्यापर्यंत सात मॉडेलं, प्रत्येक एक फूट उंच, आठवड्याला एक. शिवाय कान हलवायला शिकणे. कान हलवायचे स्नायू सगळ्यांच्याच डोक्यात असतात, नुसते पडून आहेत. उद्घाटनाला मी स्वतः कान हलवून दाखवला, तर कुठला स्क्रीन टिकेल समोर?

१० जानेवारी, सकाळी ७.५०
साडेपाचला जाग आली होती. उठणं आणि जाग येणं यांत फार फरक करू नये.

१४ जानेवारी
चौथा आठवडा मातीत तयार. सुरेख वळलाय, कानातल्या डुलासारखा. मानेशी कमानी कमानी, खाली टोकदार शेपटी. आता साचा, मग रेझिन.

टेबलावर ऑफिसचं पाकीट पडलंय. नेहमीचं परिपत्रक असणार, पार्किंगबद्दल किंवा पंखे बंद करण्याबद्दल. काम चालू असताना टपाल उघडायचं नाही, हा आजपासून नियम. शिवाय पाकिटाचा कागद जाड आहे. रंग मिसळून बघायला फार बरा.

संध्याकाळी हिला किडनीचं सांगितलं. गर्भात किडनी तीनदा बनते. पहिली बनते आणि काहीही काम न करता आठवड्याभरात विरघळते. मग दुसरी. ती थोडं काम करते आणि जाते. तिसरी टिकते. ही म्हणाली, म्हणजे तुझे संकल्प. मी म्हटलं, अगं पण पहिलीने घातलेली नळी पुढची वापरते, तिच्याशिवाय पुढचं काही होतच नाही. ही म्हणाली, बरं, मग यातली तुझी तिसरी कितवी?

प्रश्नातच घोळ होता.

१५ जानेवारी, सकाळी ८.१०
साडेपाच ही वेळ हवामानाला धरून नाही. साडेसहा ठरवलं.

२३ जानेवारी
रोज लिहायचं होतं. आठ दिवस गेले. पण दोन ओळींच्या हिशेबाने आज सोळा ओळी लिहिल्या तर संकल्प मोडत नाही.

पाचवा आठवडा झाला. सहावा साच्यात आहे.

आरशासमोर रोज दहा मिनिटं कान. ही दारात येऊन म्हणाली, दाढ दुखतेय का? मी म्हटलं, कान हलवतोय. तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, भुवया हलतायत रे. आणि चष्मा.

पण चष्मा कानांवरच बसतो ना! चष्मा हलला म्हणजे खालचं काहीतरी हललंच असणार.

(सोळा ओळी झाल्या नाहीत. अक्षर बारीक आहे, धरून चालू.)

२ फेब्रुवारी
सातवा आठवडा पूर्ण. यात शेपटी जवळजवळ गेलीय, नखाएवढी उरलीय. बोटं सुटी व्हायला लागलीत. तळहाताकडे बघताना मलाच भरून आलं. भरून आलं हे खरं, की रेझिनच्या वासाने डोळे चुरचुरले? दोन्ही. साठ-चाळीस.

संकट: ज्या जुन्या पुस्तकातल्या चित्रांवरून काम करतोय, त्याची पुढची पानं नाहीत. आठवा, नववा, दहावा कोणीतरी सफाईने ब्लेडने कापून नेलेत. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, पुस्तक शेवटचं तुम्हीच नेलं होतं, नऊ वर्षांपूर्वी. ब्लेड तुमच्याकडेच असतं ना? मी म्हटलं, बाई, मी असं करीन का? त्यांनी रजिस्टरातली माझी सही दाखवली. मलाही खात्रीने आठवत नाही.

५ फेब्रुवारी
वहिनींकडे जाऊन आलो. थोरल्या भावाची बायको. सोनोग्राफी सेंटरमध्ये पंधरा वर्षं मशिन चालवतात. गर्भाच्या आठवड्यांचं त्यांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सेंटरच्या भिंतीवर मोठा तक्ता आहे, आठवड्यागणिक एक चित्र. आठवा, नववा, दहावा यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले.

वहिनी म्हणाल्या, भावजी, तुमच्या पुस्तकात आठवडे कुठून मोजलेत ते बघितलंत ना? मी म्हटलं, आठवडा कुठूनही मोजला तरी सातच दिवसांचा, वहिनी. त्या म्हणाल्या, तसं नव्हे हो, आमचं मोजणं जरा... तेवढ्यात आतून पेशंटला हाक आली आणि त्या गेल्या. मी त्यांचा वेळ घेतला नाही. कामाच्या माणसाला थांबवू नये.

१२ फेब्रुवारी
आठवा आठवडा मातीत उभा केला आणि बुचकळ्यात पडलो. शेपटी चांगली बोटभर आहे. सातव्यात गेली होती! हातही पुन्हा वल्ह्यासारखे, बोटं सांधलेली. तक्त्याचा फोटो तीनदा ताडून पाहिला. माझी चूक नाही, मी जसं आहे तसं केलंय.

मग पुस्तकाची चूक? पुस्तकाला सत्तर वर्षं झालीत, सत्तर वर्षांत कोणी काही बोललं नाही. वहिनींच्या तक्त्याची? तो डॉक्टर लोकांचा. दोन्ही बरोबर असले, तर मग काय?

मी स्वतःला कठोरपणे विचारलं, कुठे काही बघायचं राहिलंय का? अर्धा तास विचार केला. काहीच राहिलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
(उठलो! नोंद असावी.)

उलगडलं. आंघोळ करताना. शेपटी परत येते! जायच्या आधी एकदा परत येते. निसर्ग काही मुनीमजी नाही, सरळ रेषेत चालायला. निघालेला पाहुणा दारातून वळतो, छत्री राहिली म्हणतो, आत येतो, मग खरा जातो. तसंच हे.

हे आजवर कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? कारण कोणी सातही अवस्था एका उंचीच्या करून ओळीने मांडल्याच नाहीत. स्क्रीनवाल्यांना हे दिसलं असतं का?

हिला सांगितलं. ही म्हणाली, वहिनींना विचारलंस? मी म्हटलं, त्यांच्याच तक्त्यात आहे.

१९ फेब्रुवारी
आठव्या मॉडेलची पाटी लिहिली. अकरा खर्डे केले. शेवटी: ‘निरोप घेतलेली शेपटी या आठवड्यात एकदा परत येऊन जाते.’ तोलून मापून. साहेबांनी मान्यता दिली. दिली म्हणजे वाचून, छान ओळ आहे, म्हणाले. मी ती वेळ साधून विचारलं, साहेब, वर्कशॉपला पुढचं वर्ष धरायचं ना? म्हणाले, बघू. पण या वेळी हसून.

मागच्या वेळचं ‘बघू’ घड्याळाकडे बघून होतं. हे माझ्याकडे बघून. एवढा फरक कळत नसेल तर एकवीस वर्षं नोकरी करून उपयोग काय.

दुपारी टेप घेऊन एक माणूस वर्कशॉपमध्ये आला. भिंती मोजल्या, विचारलं, पाण्याचा पॉइंट इथे दिला तर चालेल? म्हणजे बेसिन! अकरा वर्षांपूर्वी अर्ज दिला होता. शेवटी फाइल हलली. मी त्याला खिडकीजवळची जागा सुचवली. त्याने लिहून घेतली.

२४ फेब्रुवारी
नववा झाला, शेपटी पुन्हा नखाएवढी. दहावा झाला, शेपटी साफ. आता खरी गेली. क्रम किती देखणा दिसतो!

पिक्सेल तीन कागदी कपांत तीन प्रकारची कॉफी घेऊन आला. म्हणाला, साहेबांनी सगळ्यांचं मत मागितलंय. मी दीड पान लिहून दिलं. पहिली कडवट पण प्रामाणिक, दुसरीत दम नाही, तिसरी कप थंड झाल्यावर उलगडते. स्टाफच्या चवीची एवढी काळजी पूर्वीच्या साहेबांनी कधी घेतली नाही. पिक्सेल वाचताना माझ्याकडे फार विचित्र नजरेने बघत होता. म्हणाला, तुम्ही खरंच फार मोठ्या मनाचे आहात. मला तो उगीच पोरगेला वाटायचा. माझंच चुकलं.

२ मार्च
उद्घाटन. एकसष्ट पाहुणे. त्यात तीन डॉक्टर आणि जीवशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापक. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात माझी ओळ मोठ्याने वाचली. टाळ्या. स्क्रीनपैकी दोन चालू झालेच नाहीत. मला वाईट वाटलं. (किती? थोडं.)

कान हलवून दाखवायचा होता. पाहुणे समोर आले तेव्हा पूर्ण जोर लावला. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला? खुर्ची आणवली.

९ मार्च
प्रदर्शनाला गर्दी बेताचीच. पण तिकीट खिडकीवरच्या ताई जेवणाच्या सुट्टीत मॉडेलांसमोर उभ्या होत्या. डबा हातात, तसाच बंद. सातव्यासमोर. मी शेजारी गेलो तर हळूच म्हणाल्या, सर, कोणाला सांगू नका, मला आज सातवा आठवडा लागलाय. मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, इतक्यात नको. मागच्या वेळी राहिलं नव्हतं. म्हणून रोज येऊन बघते, आज आतमध्ये काय काय झालं असेल ते.

मी म्हटलं, अगदी बिनधास्त बघा. यातला प्रत्येक मिलिमीटर तपासलेला आहे. तपासणीसाठी चांगलं सेंटर विचारत होत्या. वहिनींचा नंबर दिला.

एकवीस वर्षांत माझ्या कामाकडे असं कोणी बघितलं नव्हतं. संकल्प: ताईंसाठी खाली एक स्टूल ठेवणे.

१६ मार्च
स्टूल राहिलं. उद्या नक्की.

ताई आज आठव्यासमोर. वाकून पाटी वाचत होत्या, बराच वेळ. मग डबा न उघडताच खिडकीवर परत गेल्या. माझी ओळ एखाद्याला अंतर्मुख करते हे मी ऐकून होतो, प्रत्यक्ष आज बघितलं.

१८ मार्च, दुपारी ४.१५
वहिनींचा फोन. सुरुवातच अशी: भावजी, शेपटी परत येते हे कुठल्या शहाण्याने सांगितलं तुम्हाला?

ताई आज त्यांच्या सेंटरला गेल्या होत्या. दोन दिवस झोप नाही. टेबलावर पडल्या पडल्या विचारलं, माझ्या बाळाची शेपटी परत आलीय का? ‘येऊन जाते’ म्हणजे काय काय जातं? वहिनी म्हणाल्या, पोर थरथरत होती हो. मी मशिनवर ठोके ऐकवले, तेव्हा कुठे शांत झाली. सगळं व्यवस्थित आहे तिचं.

मग मला समजावलं. दवाखान्यातले आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. जुन्या पुस्तकातले गर्भ धरल्यापासून. मध्ये दोन आठवड्यांचा फरक. दवाखान्याचा आठवा म्हणजे पुस्तकाचा सहावा. मी चार पुस्तकाचे आणि तीन दवाखान्याचे एका ओळीत लावलेत. म्हणजे सहावा दोनदा, सातवा दोनदा. शेपटी कुठेही परत येत नाही. मीच दोन आठवडे मागे गेलो आणि तिला पुन्हा घेऊन आलो.

वहिनी म्हणाल्या, मी त्या दिवशी तेच सांगत होते ना? मी म्हटलं, हो. पेशंटला हाक आली होती. त्या म्हणाल्या, मग थांबायचं दोन मिनिटं.

सात मॉडेलांतली दोन जादा. उरलेल्या गोष्टींच्या प्रदर्शनात.

१९ मार्च
ताईंची माफी मागितली. खिडकीच्या काचेतून, रांग नसताना. सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, सर, दोन दिवस मी आडवी झोपलेच नाही, शेपटीवर भार येईल म्हणून. माझ्या की त्याच्या ते मला पण कळत नव्हतं. मग हसायला लागल्या. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

आता साहेबांना सांगायचं की नाही?

सांगितलं तर वर्कशॉप गेलं. ज्या ओळीवर साहेब हसून ‘बघू’ म्हणाले, तीच ओळ खोटी. पिक्सेल म्हणेल, स्क्रीनवर असतं तर दोन मिनिटांत दुरुस्त केलं असतं. आणि ते खरं आहे.

नाही सांगितलं तर? एकसष्ट पाहुण्यांत, तीन डॉक्टरांत कोणाला कळलं नाही. शाळांच्या चौदा सहली येऊन गेल्या. पाट्या गुपचूप बदलल्या तरी चालेल. वर्षभर खोली राहील. बेसिनही येतंय. वर्षभरात मी याच खोलीतून इतकं अचूक काम करीन की ही चूक भरून निघेल. शिवाय चूक लपवणं आणि चूक योग्य वेळी सांगणं यात फरक आहे. योग्य वेळ पुढच्या मार्चमध्ये येऊ शकते.

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. (वही खाजगी आहे. तिला पुन्हा सांगितलं.) म्हणाली, इतकं लिहून काढतोयस म्हणजे सांगायचं तुझं ठरलंय. मी म्हटलं, अजिबात ठरलेलं नाही. ती म्हणाली, मग झोप.

२० मार्च
सांगितलं.

साडेअकराला केबिनमध्ये गेलो. उभ्यानेच सगळं सांगितलं. पुस्तकाचे आठवडे, दवाखान्याचे आठवडे, ब्लेड, वहिनींचं अर्धवट राहिलेलं वाक्य. म्हटलं, वर्कशॉपचा जो काही निर्णय घ्याल तो मला मान्य आहे.

साहेबांनी विचारलं, कोणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, तिकीट खिडकीवरच्या ताईंच्या. बाकी कोणाच्या? बाकी कोणाच्या नाही. मग राहू द्या ना, म्हणाले, मेमध्ये तसंही सगळं निघणार आहे. मी विचारलं, प्रदर्शन? म्हणाले, प्रदर्शन, वर्कशॉप, सगळंच. तिथे कॉफी काउंटर येतोय. तुम्हीच नाही का मत दिलंत? तिसरी घेतली आम्ही, थंड झाल्यावर उलगडणारी. मग माझ्याकडे बघून ते जरा सावरून बसले. म्हणाले, अहो, तुम्हाला पत्र दिलं होतं. आठ जानेवारीलाच सही झालीय.

वर्कशॉपमध्ये आलो. पाकीट होतं. रंगाच्या डब्याखाली. त्यावर एकूण सत्तावीस गुलाबी ठिपके, सातव्या आठवड्याच्या कातडीपर्यंत पोचायच्या वाटेवरचे. फोडलं. दोन परिच्छेद. एक मेपासून वर्कशॉपची जागा उपाहारासाठी. माझी बदली माहिती टेबलावर, प्रवेशदाराशी, तिकीट खिडकीच्या शेजारी. ‘आपल्या दीर्घ सेवेबद्दल’ वगैरे.

आठ जानेवारी. मी वही उघडली नऊला. माझा एकूण एक संकल्प पत्राच्या नंतरचा आहे. काल रात्री मी जी खोली वाचवू की चूक सांगू म्हणून तळमळत होतो, ती खोली तेव्हा सत्तर दिवसांपूर्वीच गेली होती. आणि बेसिनची जागा त्यांना मीच दाखवली. खिडकीजवळ.

पुन्हा केबिनमध्ये गेलो. विचारलं, माझी मॉडेलं निदान माहिती टेबलामागे ठेवता येतील? पाचच. दोन जादा आहेत, ती मी घरी नेतो. साहेब म्हणाले, बघू.

‘बघू’ म्हणजे नाही. हे इथे लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

जेवताना हिला सगळं सांगितलं. पत्राचं, पाकिटाचं, कॉफीचं. ऐकता ऐकता ती एकदम हात थांबवून म्हणाली, हलला! मी विचारलं, काय? म्हणाली, डावा कान. आत्ता. पत्र आठ तारखेचं म्हणालास तेव्हा. खरंच हलला की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, ते विचारलं नाही. आरशात जाऊन पुन्हा करून बघितलं. चष्मा हलला.

साहेब म्हणाले, राहू द्या. मेपर्यंत पाट्या तशाच राहिल्या तरी कोणाला कळणार नाही, हे खरं आहे. पण ताईंना सोमवारी नववा लागतो. नवव्यासमोर डबा घेऊन उभ्या राहतील.

उद्या: सकाळी दहाला तिकीट खिडकी उघडायच्या आत पाट्या बदलणे.